रथयात्रेचे रहस्य : रथी अर्जुन सारथी कसा झाला?

बंगळुरू नगरात होसूर मार्ग आणि सर्जापूर मार्ग यांच्या मध्ये एक विस्तीर्ण वसाहत आहे. या दोन मार्गांच्या नावांवरूनच तिला एचएसआर लेआउट हे नाव पडले. तिच्या कडेला अगरा येथील जुना तलाव आहे आणि त्याच परिसरात श्रीजगन्नाथांचे मंदिर आहे. उत्कल देशातून उपजीविकेसाठी दूर आलेल्या भाविकांनी आपले आराध्य दैवत येथेही आणले. आषाढ मास आला की या मंदिरातून रथ निघतो आणि ज्या नगरात कोणास घटकाभर उसंत नाही त्या नगरातील माणसे अनवाणी होऊन त्याचा दोर धरतात.

या वसाहतीत मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. आषाढ लागला की मराठी मनुष्याचे चित्त कोठेही असो, ते पंढरीच्या वाटेला लागते. अशा घरी मुलाकडे राहावयास आलेली एखादी वृद्ध माता गॅलरीतून तो रथ पाहते आणि सहज विचारते, "बाळ, वारीत आपण चालत देवाकडे जातो. येथे तर देवच घराबाहेर निघाला. मग आपण काय करायचे?"

प्रश्न साधा आहे. परंतु रथयात्रेचे सर्व रहस्य त्यात साठविलेले आहे. भगवंत आपण होऊन आपल्या दारापुढून चालले असता जीवाचे कर्तव्य कोणते? आज या एकाच प्रश्नाचा विचार करू.

प्रथम उत्सवाचे स्वरूप ध्यानी घ्यावे. पुरुषोत्तमक्षेत्र पुरी येथे आषाढ शुद्ध द्वितीयेस श्रीजगन्नाथ, त्यांचे वडील बंधू श्रीबलभद्र आणि भगिनी सुभद्रा ही तिन्ही भावंडे मंदिरातून बाहेर येतात. त्याआधी ज्येष्ठ पौर्णिमेस १०८ घटांच्या जलाने त्यांना स्नान घातले जाते. त्या स्नानाने देवांना ज्वर येतो असे मानून पंधरा दिवस त्यांना एकांतात ठेवतात. फळे व औषधी देऊन त्यांची शुश्रूषा करतात. त्या काळात दर्शन बंद असते. ज्याच्या स्मरणाने भवरोग नाहीसा होतो तो स्वतः रुग्ण होऊन भक्ताच्या हातचा काढा घेतो! मग प्रकृतीस आराम पडल्यावर देव रथावर आरूढ होतात आणि सुमारे तीन किलोमीटर दूर असलेल्या गुंडिचा मंदिरी जातात. दशमीस ते परत निघतात. वाटेत मावशीच्या मंदिरापाशी थांबून तिच्या हातचा पोडपिठा नावाचा गोड पदार्थ खातात. भावंडांसह प्रवास, मावशीचा पाहुणचार, आजारपण आणि त्यातून उठणे हे सारे गृहस्थाच्या घरचेच चित्र नव्हे काय? हा उत्सव अरण्यातील विरक्तासाठी जितका आहे, तितकाच मुलाबाळांच्या घरासाठीही आहे.

रथ तीन असतात. श्रीजगन्नाथांच्या रथाचे नाव नंदिघोष. त्याला १६ चाके असून त्याची उंची सुमारे ४५ फूट असते. श्रीबलभद्रांच्या तालध्वजास १४ आणि सुभद्रादेवीच्या दर्पदलनास १२ चाके असतात. दर्पदलन याचा अर्थ गर्वाचे चूर्ण करणारा. हे रथ प्रतिवर्षी नव्या लाकडाचे घडवितात आणि त्या कामाचा आरंभ अक्षय्य तृतीयेस होतो. प्रत्येक रथाला लाकडाचे चार घोडे असतात आणि एक लाकडाचा सारथीही असतो. आता या सारथ्यांची नावे पाहावी. नंदिघोषाचा सारथी दारुक, तालध्वजाचा मातली. दारुक हा तर द्वारकेत श्रीकृष्णांचा नित्याचा सारथी आणि मातली हा इंद्राचा. परंतु तिसऱ्या, सुभद्रादेवीच्या दर्पदलन रथाचा सारथी कोण? पुरीची परंपरा सांगते की तो अर्जुन होय.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. कुरुक्षेत्री जो रथी होता, ज्याच्या घोड्यांचे लगाम प्रत्यक्ष जगन्नाथांनी धरिले होते, तोच अर्जुन पुरीच्या मार्गावर सारथ्याच्या खालच्या आसनावर बसला आहे. रथात बसणारा रथ हाकणारा कसा झाला? या दोन आसनांमधील अंतर म्हणजेच श्रीमद्भगवद्गीता.

शास्त्रांत रथाचे रूपक प्राचीन आहे. कठोपनिषदात यमधर्म नचिकेतास सांगतात की शरीर हा रथ असून आत्मा त्याचा स्वामी आहे. बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे आणि विषय हे त्यांचे मार्ग होत. ज्याचा सारथी सावध त्याचे घोडे आवरलेले असतात. ज्याचा सारथी निजला त्याचे घोडे रानोमाळ धावतात. हे रूपक ऐकावयास सोपे आहे, परंतु आचरणात त्याची अडचण कळते. कारण आमची बुद्धीच निजलेली आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत म्हणतात की प्रयत्न करणाऱ्या विवेकी पुरुषाचेही मन ही उन्मत्त इंद्रिये बळाने ओढून नेतात. मग निजलेल्या सारथ्यास जागे कोणी करावे?

अर्जुनाने या प्रश्नाचे उत्तर युद्धापूर्वीच, स्वतःलाही नकळत, मिळविले होते. महाभारतातील उद्योगपर्वाची कथा सर्वांना ठाऊक आहे. द्वारकेत एकीकडे नारायणी सेना आणि दुसरीकडे शस्त्र न धरणारे एकटे श्रीकृष्ण, यांतून निवड करावयाची होती. अर्जुनाने श्रीकृष्ण मागितले आणि त्यांना आपला सारथी होण्याची प्रार्थना केली. निवड योग्य होती. परंतु अर्जुनाचा भाव अद्याप पक्व नव्हता. पहिल्या अध्यायात तो आपल्या सारथ्याला आज्ञा करतो की माझा रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा कर. त्या आज्ञेत 'माझा' या शब्दाला केवढा भार आहे! आणि भगवंतांनी काय केले? त्यांनी एक अक्षरही न बोलता रथ तेथे नेऊन उभा केला. त्या स्थळी गीता भगवंतांना हृषीकेश, म्हणजे इंद्रियांचे स्वामी, या नावाने संबोधिते. घोड्यांचा खरा धनी लगाम धरून आज्ञा ऐकत उभा आहे, आणि ज्याला घोडे आवरत नाहीत तो आज्ञा देत आहे!

पुढे काय घडले ते आपण जाणतोच. थोड्याच वेळात 'माझा रथ' म्हणणारा तो महावीर धनुष्य टाकून त्याच रथात खाली बसला. रथ होता, घोडे होते, अक्षय्य भाते होते, पुढे मार्गही होता. परंतु चालविणारा 'मी' कोसळला होता. दुसऱ्या अध्यायात त्याने सारथ्याचे शिष्यत्व पत्करले आणि अठराव्या अध्यायाच्या अंती, माझा संशय गेला, आता तुझ्या वचनाप्रमाणे करीन, असे म्हणून तो उठला. पाहा, गीतेच्या आरंभी अर्जुन सारथ्याला आज्ञा देतो आणि शेवटी सारथ्याची आज्ञा घेतो. मध्यंतरी रथ बदलला नाही, घोडे बदलले नाहीत, शत्रूंची संख्या घटली नाही आणि कर्तव्यही टळले नाही. केवळ धनीपण एकाकडून दुसऱ्याकडे गेले.

कोणी शंका घेईल की असे सर्व भगवंतांवर सोपविले म्हणजे मनुष्य आळशी होणार नाही काय? ही शंका रथयात्राच दूर करते. रथ जगन्नाथांचा, इच्छा त्यांची, मार्ग त्यांचा. तरी दोर मात्र माणसांना ओढावा लागतो. हाताला घट्टे पडतात, घामाने वस्त्रे भिजतात. कधी कधी सहस्रावधी हात ओढीत असता रथ तसूभर हालत नाही, आणि मग एकाएकी चालू लागतो. पुरीचे भाविक म्हणतात की तो त्याच्या इच्छेने चालतो. हे म्हणताना त्यांनी दोर सोडलेला नसतो, हे विसरू नये. अर्जुनाने शरण गेल्यानंतर धनुष्य खाली ठेविले नाही. उलट, खाली पडलेले धनुष्य शरण गेल्यानंतरच त्याने उचलले. शरणागती म्हणजे श्रमाचा त्याग नव्हे. ती श्रमावरील मालकीचा त्याग आहे.

आता उपनिषदांचा रथ, कुरुक्षेत्राचा रथ आणि पुरीचा रथ हे तिन्ही एकत्र पाहावे. उपनिषदात जीव रथाचा स्वामी आहे. कुरुक्षेत्री भगवंत वरचे आसन भक्ताला देऊन स्वतः खाली बसले. पुरीत भक्ताने ते ऋण फेडावयास घेतले आहे. वरचे आसन भगवंतांना दिले, अर्जुन सारथी झाला आणि जनसागराने घोड्यांची जागा घेतली. लाकडाचे घोडे शोभेसाठी आहेत. खरे घोडे आपण. ज्या इंद्रियांना यमधर्मांनी घोडे म्हटले तीच ही हस्तपादादी इंद्रिये आज प्रथमच योग्य दोराला जुंपली गेली. डोळे त्याच्या मुखाकडे, मुखात त्याचे नाम, हातात त्याचा दोर, पाय त्याच्या मार्गावर! इंद्रियांना मारावयाचे नाही. त्यांना देवाच्या रथाला जुंपावयाचे आहे. जो भगवान् माझ्या रथापुढे हातात चाबूक घेऊन बसला त्याच्या रथापुढे घोडा होण्यात मला संकोच कसला?

या सेवाभावात थोरामोठ्यांची गणना नाही. रथ निघण्यापूर्वी पुरीचे गजपती महाराज, ज्यांना देवाचा पहिला सेवक मानितात, सुवर्णाच्या मुठीची केरसुणी घेऊन तिन्ही रथ झाडतात. या विधीला छेरा पहँरा म्हणतात. राजाच्या हातात त्या दिवशी खड्ग नसते, केरसुणी असते. आणि ज्या मार्गावर हे घडते त्याच मार्गाच्या कडेला सतराव्या शतकातील भक्तकवी सालबेग याची समाधी आहे. तो जन्माने मुसलमान. मंदिरात प्रवेश नाही. त्याची सारी आस मार्गावरील या दर्शनाला लागलेली असे. आजही रथ त्या स्थळापाशी क्षणभर थांबतो. ज्याला आत येता येत नाही त्याच्यासाठी जगन्नाथ बाहेर येतात, हाच त्यांच्या पतितपावन नावाचा अर्थ आहे.

मराठी वाचकांस आपुलकी वाटेल अशी आणखी एक गोष्ट येथे सांगावी. १७५१ ते १८०३ या काळात ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्या मराठी अमदानीत, अठराव्या शतकात, कोणार्क येथील सूर्यमंदिरापुढचा अरुणस्तंभ आणून पुरीच्या सिंहद्वारापुढे उभा करण्यात आला. त्या अखंड पाषाणस्तंभाच्या माथ्यावर हात जोडून बसलेला अरुण हा कोण? सूर्याचा सारथी. पुराणे सांगतात की मातेने उतावळेपणाने अंडे वेळेआधी फोडल्यामुळे अरुण मांड्यांविना जन्मला. ज्याला स्वतःच्या पायांनी एक पाऊल टाकता येत नाही तो सूर्याचा रथ नित्य आकाशातून हाकतो! रथयात्रेला निघणारे जगन्नाथ याच स्तंभावरून पुढे जातात. आपले सामर्थ्य किती याचा हिशेब मांडीत बसणाऱ्या जीवाला हा स्तंभ सांगतो की, बाबा, पाय नसले तरी चालेल, हात जोडलेले असू देत. चालविणारा दुसरा आहे.

आता त्या वृद्ध मातेच्या प्रश्नाकडे वळू. वारीत आपण देवाकडे जातो आणि रथयात्रेत देव आपल्याकडे येतो, हा भेद खरा आहे. परंतु तो वरवरचा आहे. आळंदी आणि देहू येथून ज्येष्ठ वद्य पक्षात पालख्या निघतात; आषाढ शुद्ध एकादशीस वारकरी विठुरायाच्या चरणी पोहोचतात. आणि त्याच एकादशीला पुरीस, परत आलेले जगन्नाथ मंदिरात न जाता सिंहद्वारापुढे रथावरच सुवर्णालंकार धारण करून बसतात. त्याला सुनाबेश म्हणतात. एकाच तिथीला पश्चिमेकडे भक्त चालून चालून देवाच्या दारी उभा आहे आणि पूर्वेकडे देव भक्तांसाठी स्वतःच्या दाराबाहेर उभा आहे. भीमेचा तीर आणि पूर्वसमुद्राचा तीर यांमध्ये शेकडो कोसांचे अंतर असेल; पण भेटीची ओढ एकच आहे. म्हणून, हे माते, पंढरीस जाणे न घडले तरी खंती होऊ नको. तुझ्या दारापुढून जो चालला आहे तोच विटेवर उभा आहे. तू वारीत ज्या पायांनी चाललीस त्याच पायांनी येथे चार पावले चाल. रथाचा दोर हीच येथली वारी.

परंतु गृहस्थाने दोर दोन घटका धरून घरी परतावे आणि पुन्हा 'माझा रथ' म्हणावे, एवढ्यासाठी हा उत्सव नाही. आपले घर हाही एक रथच आहे. त्यात वृद्ध मातापिता आहेत, पत्नी वा पती आहे, मुले आहेत. कुटुंबप्रमुखाला वाटते की हा रथ माझा, लगाम माझ्या हाती. मुलाने अमुक विद्या घ्यावी, अमुक वेतन मिळवावे, म्हाताऱ्यांनी अमुक प्रकारे वागावे. घोडे जरा इकडेतिकडे झाले की क्रोध; आणि मार्गात खड्डा आला की अर्जुनाप्रमाणे हातपाय गळून बसणे. मोठ्या नगरांतून रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, त्यांतले किती दिवे कामाचे आणि किती काळजीचे? ज्याच्या घरी सर्व आहे त्यालाच झोप नाही, कारण तो एकटाच लगाम धरून बसला आहे.

अशा गृहस्थाला रथयात्रा सांगते, "घरात तू वरच्या आसनावरून खाली ये. ते आसन जगन्नाथांना दे आणि तू अर्जुनासारखा सारथ्याच्या जागी बैस." अर्जुन ज्या रथाचे सारथ्य करतो त्यात कोण बसले आहे हे लक्षात घ्यावे. सुभद्रा म्हणजे त्याची स्वतःची पत्नी. त्याने घर सोडले नाही. घरच्याच माणसाला भगवंतांची भगिनी जाणून तिची सेवा पत्करली. आणि त्या रथाचे नाव दर्पदलन! माझी पत्नी, माझी मुले, माझी आई असे म्हणणे सोडून, भगवंतांची माणसे माझ्या सेवेसाठी माझ्या घरी आली आहेत असे मानणे, हाच गर्वाचा चुराडा आणि हीच गृहस्थाची गीता होय. कर्तव्य एकही कमी होत नाही. शुल्क भरावयाचे आहे, औषध आणावयाचे आहे, कामावर जावयाचे आहे. पण ओझे जाते, कारण फळाचा धनी दुसरा ठरला.

आता उत्सव कसा पाळावा ते थोडक्यात सांगतो. द्वितीयेस पहाटे स्नान करून घराचा उंबरठा स्वतः झाडावा. हे काम त्या दिवशी नोकराकडे वा सुनेकडे न देता घरातील कर्त्या पुरुषाने करावे. गजपतींच्या केरसुणीचे हे अनुकरण आहे. नंतर गीतेचा पहिला आणि अठरावा अध्याय एकापुढे एक वाचावा, म्हणजे अर्जुन कोठून निघाला आणि कोठे पोहोचला हे मनावर ठसेल. जेथे रथ असेल तेथे सहकुटुंब जावे. नसेल तेथे घरातच प्रतिमा पाटावर ठेवून मुलांच्या हाती तिला दोर बांधून अंगणात वा दालनात फिरवावे. द्वितीयेपासून एकादशीपर्यंत दररोज रात्री निजण्यापूर्वी आपल्या मनातील एक काळजी उच्चारून ती जगन्नाथांच्या चरणी ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी त्या विषयातील आपले कर्तव्य तेवढे नेटाने करावे.

दोर धरताना एक पथ्य अवश्य पाळावे. २०२५ साली रथयात्रेच्या दिवसांत, २९ जून रोजी पहाटे, पुरीच्या गुंडिचा मंदिरापाशी गर्दीत चेंगरून तीन भाविकांचे प्राण गेले. हे स्मरण होताच मन विषण्ण होते. व्यवस्थेचा भाग व्यवस्थापकांनी पाहावा. परंतु प्रत्येकाने स्वतःला हेही विचारावे की, दोर धरण्याच्या घाईत माझ्या कोपराने कोणी वृद्ध मागे तर लोटला गेला नाही ना? अठराव्या अध्यायात भगवंत सांगतात की ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात राहतो. मग शेजाऱ्याचे शरीर हाही जगन्नाथांचा रथच झाला. त्या रथाला धक्का देऊन या रथाचा दोर धरणे ही पूजा कशी होईल? मागे राहून दुसऱ्याच्या हाती दोर देणाऱ्याला दोर ओढल्याचेच पुण्य लाभते, याविषयी शंका बाळगू नये. तसेच रथ गेल्यावर मार्गावर द्रोण, फुले, कागद पडून राहू देऊ नयेत आणि निर्माल्य तलावात टाकू नये. देव ज्या वाटेने गेले ती वाट देव येण्यापूर्वी होती त्याहून स्वच्छ राहावी.

द्वादशीचा एक विधी फार मननीय आहे. त्या दिवशी रथांवर देवांच्या ओठांपर्यंत पोहोचतील असे उंच मृत्तिकेचे घट ठेवून त्यांत मधुर पेय भरतात. त्याला अधरपणा म्हणतात. नैवेद्य होताच ते घट तेथेच फोडतात. पेय रथावर सांडते. माणसे ते प्राशन करीत नाहीत. डोळ्यांस न दिसणाऱ्या, कोणी न विचारलेल्या जीवांची तृप्ती व्हावी म्हणून ते असते. आपल्या कष्टांचे फळ आपल्या ओठी न लागता अनोळखी जीवांस मिळाले तर त्यात आनंद मानावा, ही निष्काम कर्माची शिकवण याहून स्पष्ट कोणी द्यावी?

आणि शेवटी रथाचे काय होते? देव त्रयोदशीस मंदिरात परततात. मग एवढ्या कौशल्याने घडविलेले ते रथ मोडले जातात आणि त्यांचे पुष्कळसे लाकूड मंदिराच्या पाकशाळेत महाप्रसाद शिजविण्यासाठी जळते. महाभारतातही असेच आहे. युद्ध संपल्यावर श्रीकृष्णांनी अर्जुनाला गांडीव व भाते घेऊन आधी उतरण्यास सांगितले. मग स्वतः उतरले, आणि तत्क्षणी तो रथ भस्म झाला. शत्रूंच्या अस्त्रांनी तो कधीच दग्ध झाला होता. केवळ सारथी बसला होता म्हणून तो उभा होता. आपला देहरथही असाच आहे. रोग, चिंता, वय यांच्या अस्त्रांनी तो दररोज जळत आहे. तो उभा आहे तो आतल्या सारथ्याच्या बळावर. एके दिवशी तो उतरेल आणि रथ मोडेल, त्याचे भय नको. एवढीच इच्छा धरावी की हे लाकूड वाया न जावे; आपल्या आयुष्याच्या इंधनावर कोणा भुकेल्याचा प्रसाद शिजावा.

हे जगन्नाथा, कुरुक्षेत्री तू आमचा सारथी झालास. आता आम्हांस तुझ्या रथाचा दोर धरू दे. आमच्या घरातील वरचे आसन तुझे, खालचे आसन आमचे. आमच्या इंद्रियांना तुझ्या मार्गावरून चालव आणि चालताना शेजारच्याचा पाय आमच्याकडून तुडविला जाऊ देऊ नको.

श्रीकृष्णार्पणमस्तु.